दाखवायच्या घरात सासऱ्यांची खुर्ची

मांडणीबाईच्या घरी कुणी पाहुणे यायचे असले, की तिचा नवरा शाळेतून आधी फोन करून विचारायचा, "आज सोफा घरी आहे का?" ही थट्टा नव्हती. सोफा कधी घरी असायचा, कधी नसायचा. नसला की पाहुण्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवायचं, आणि टेबलही गेलेलं असलं तर सरळ सांगून टाकायचं, आज नको, पुढच्या आठवड्यात या. एकदा मुख्याध्यापक न कळवता येऊन थडकले. त्यांना पलंगाच्या काठावर बसून चहा प्यावा लागला. तेव्हापासून शाळेत कुजबुज सुरू झाली, की भूगोलाच्या सरांवर जप्तीबिप्ती आलेली दिसते.

जप्ती कसली आलीय! बायकोचा धंदाच तो होता. लोक घरं विकायला काढायचे आणि ही बाई ती मांडून द्यायची. गिऱ्हाईक बघायला यायच्या आधी घर झाडायचं, पुसायचं, गळके नळ आणि करकरणारी दारं दुरुस्त करून घ्यायची, अर्धं सामान बाहेर काढायचं, हवं ते आत आणायचं. बघणाऱ्याला दारातच वाटलं पाहिजे, की इथे आपण राहू शकतो. असं काम करणारी त्या भागात ती एकटीच. त्यामुळे तिचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे तिला मांडणीबाई म्हणायला लागले. सामान ठेवायला तिने एक गाळा भाड्याने घेतला होता. पण दोन-तीन घरं एकदम हातात आली की गाळ्यातलं पुरायचं नाही, आणि मग टेम्पो तिच्याच दारात येऊन उभा राहायचा. सोफा जायचा, दिवे जायचे, आरसा जायचा. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिची पाठ फिरते न फिरते तोच तिचा पलंगही गेला. तिने फोनवर विचारलं, "आई, माझी खोली तरी जाग्यावर आहे ना?"

सासूबाईंनी मात्र सुनेच्या या उद्योगाला कधी नाक मुरडलं नाही. टेम्पो आला की त्या आपलं पुस्तक आणि चष्मा उचलून स्वयंपाकघरात जायच्या आणि हमालांना वाट मोकळी करून द्यायच्या. एकदाच काय ते म्हणाल्या होत्या, "मला तेवढी नेऊ नकोस कुठे मांडायला."

मांडणीबाईला आपल्या कामाची नीट समज होती आणि त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. दलाल म्हणायचे, भिंतीला ओल आहे, पुढे कपाट सरकवून टाका. ती म्हणायची, "कपाट काय जन्मभर तिथे उभं राहणार आहे? आधी ओल काढा, मग मला बोलवा." घर मांडणं म्हणजे घराचे दोष झाकणं, असं समजणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग यायचा. तिच्या मते काम वेगळंच होतं. मालकाला घरातून हलकेच बाहेर काढायचं, आणि तरी घर रिकामं वाटू द्यायचं नाही.

नव्या घरात शिरली की ती आधी दिव्याच्या बटणांकडे बघायची. बटणांभोवती बोटांचा काळपट घेर पडलेला असायचा. तो ती स्वतःच्या हाताने पुसून काढायची, हे काम तिने कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. मग फोटो उतरवायचे, औषधांच्या बाटल्या हलवायच्या, दारामागे लटकवलेल्या पिशव्या काढायच्या, फ्रिजवर चिकटवलेले दवाखान्यांचे नंबर सोडवायचे. मालकाची एकेक खूण गेली पाहिजे. कारण बघायला आलेल्याला मालक दिसला, की तो पाहुण्यासारखा अंग चोरून चालतो, आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस घर विकत घेत नाही. मालक लोक कुरकुरायचे. स्वतःचा फोटो उतरवताना बघून एक आजोबा भडकले होते, "मी काय मेलोय का?" तिने त्यांना शांतपणे सांगितलं, "नाही हो आजोबा, पण तुम्ही इथून निघालाय ना?"

एवढं केल्यावर मात्र तिची उलटी तऱ्हा सुरू व्हायची. सगळ्या चकचकीत, नीटनेटक्या सामानात ती एक वस्तू मुद्दाम जुनी, वापरलेली ठेवायची. झिजलेली वेताची खुर्ची, कडा गुळगुळीत झालेलं स्टूल, असं काहीतरी. कारण विचारलं तर म्हणायची, लोक घर उभ्याने बघतात आणि बसल्यावर घेतात. नव्याकोऱ्या सोफ्यावर परक्या घरात कुणी टेकत नाही. जुन्या खुर्चीवर मात्र माणूस न विचारता बसतो, आणि एकदा बसला की त्याला खिडकीतलं झाड दिसतं, वारा कुठून येतो ते कळतं, आणि त्याचं मन तिथे सामान लावायला लागतं.

घड्याळवाल्या काकांच्या घराचं घोडं इथेच अडलं. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी घर विकायला काढलं आणि ते मुलाकडे राहायला गेले. तिथे बैठकीच्या खोलीत रोज घडीची खाट उघडायची आणि नातवाच्या अभ्यासाची वेळ झाली की मिटायची, असं त्यांचं चाललं होतं. घर विकलं की दुकानाजवळ एक छोटी जागा घेऊन सुटायचं, एवढीच त्यांची इच्छा. मांडणीबाईने घर मनापासून मांडलं होतं. पण त्या वेळी तिच्या जुन्या वस्तू दुसरीकडे अडकलेल्या होत्या, म्हणून सगळं नवंच ठेवावं लागलं. लोक यायचे, हात मागे बांधून खोल्यांतून फिरायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि जायचे. एकही जण टेकला नाही. दलाल वैतागला. काका दुकानातून रोज फोन करायचे आणि काही न विचारता म्हणायचे, "सहज केला."

त्या फोनांनी मांडणीबाईला अपराध्यासारखं व्हायला लागलं. आणि अशात एका सकाळी तिची नजर घरातल्या सासऱ्यांच्या खुर्चीवर गेली.

सासरे पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. दिवसभर गल्लीबोळ पायाखाली घालून संध्याकाळी घरी आले, की त्या खुर्चीत पाय लांब करून बसायचे. उंच पाठीची, रुंद हातांची लाकडी खुर्ची. मान मागे टाकायची, डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांनीच सगळ्यांना सूचना द्यायच्या. दूध उतू चाललंय, फोन वाजतोय, कुणीतरी दार लावा. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली होती. घरातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी टेम्पोत चढली, पण ही खुर्ची कधी हलली नव्हती. हलवू नये असं कुणी बोललं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. तिच्यावर कुणी बसायचंही नाही. सासूबाई तर नाहीच.

सासूबाई त्या वेळी घरी नव्हत्या. नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या महिनाभरासाठी लेकीकडे गेल्या होत्या. मांडणीबाईने मनाशी विचार केला, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. त्या परत यायच्या आधी खुर्ची परत जाग्यावर. नवऱ्याने टेम्पो बघितला आणि एवढंच म्हणाला, "आईला विचारलंस?"

"आईंना कशाला त्रास द्यायचा तिकडे? येईल ती परत."

"मला तू यात धरू नकोस," म्हणून तो शाळेत निघून गेला.

काकांच्या घरी खिडकीशी खुर्ची ठेवल्यावर तिने लांब जाऊन बघितलं. बरोबर बसली होती. उजव्या हातावर कपबशीचे पुसट गोल होते, ते असू देत. पायांचं पॉलिश गेलेलं, तेही असू दे. पण पाठीच्या वरच्या बाजूला, जिथे डोकं टेकतं तिथे, लाकडावर तळहाताएवढा काळा, तेलकट डाग होता. वापरलेलं चालतं, मळलेलं चालत नाही. हा फरक तिला झोपेतही कळला असता. तिने बादली आणली, साबणाचं पाणी केलं, आधी फडक्याने आणि मग बारीक पॉलिशपेपरने तो डाग काढला आणि वरून मेण चोळलं. काम करताना ती गुणगुणत होती. बटणांभोवतीचा काळपट घेर पुसावा, तितक्या सहज तिने तो पुसला.

खुर्चीने आपलं काम चोख केलं. त्याच आठवड्यात एक जोडपं घर बघायला आलं. बाई इस्पितळात नर्स होती आणि ड्यूटी संपवून तशीच आली होती. दारातून आत आली, खुर्ची दिसली आणि ती सरळ जाऊन बसली. नवरा एकटाच सगळ्या खोल्या फिरला, नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या. परत येऊन बघतो तर ही मान मागे टाकून डोळे मिटून बसलेली. तो म्हणाला, "तू बघितलंस का काही?" ती म्हणाली, "हे घेऊ या." मग उठताना दलालाला विचारलं, "ही खुर्ची राहणार ना इथे?"

दलालाच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "ताई, तुम्ही म्हणाल ते राहील. खुर्ची तुमचीच समजा."

मांडणीबाई तिथे नव्हती. तिला हे संध्याकाळी दलालाने फोनवर सांगितलं.

"तुझी आहे का ती खुर्ची?" ती ओरडली.

"अहो ताई, एक खुर्ची! मी तुम्हाला दुसरी आणून देतो, त्याहून भारी."

"ती माझ्या सासऱ्यांची आहे."

दलाल म्हणाला, "मग आत्ता तिचं नाव काढू नका. काकांचा विचार करा. सह्या होऊ द्या, मग तुम्ही आणि त्या बाई काय ते बघा."

हे तिला पटलं नाही. जी बाई ओलीपुढे कपाट सरकवू देत नव्हती, ती आता स्वतःच काहीतरी झाकत होती. पण घडीची खाट तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ती गप्प बसली. सह्यांना अजून वेळ होता आणि सासूबाईंनाही. गणित जमत होतं.

जमणार कसं? लेकीकडे सासूबाईंना करमेना. जावयाच्या घरात टीव्ही फार मोठ्याने चालतो, असं कारण सांगून त्या आठवडाभर आधीच रिक्षातून पिशवी घेऊन दारात उतरल्या. आत आल्या, चपला काढल्या, आणि खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे होते.

"खुर्ची कुठे गेली?"

मांडणीबाईची पाचावर धारण बसली. तोंडातून निघून गेलं, "सुताराकडे दिलीय आई. एक पाय हलत होता."

सासूबाईंनी मान डोलावली. "बरं केलंस. हलत होता खरा." पिशवी घेऊन त्या आत निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "सुताराला एक सांग. दिसेल ते घासत बसतात मेले. डोकं टेकायच्या जागेला हात लावू नको म्हणावं. तो यांचा डाग आहे."

"हो," मांडणीबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सासूबाई आत गेल्यावर ती तिथेच फरशीवर बसली. आता तिला आठवायला लागलं. सासूबाई खोलीतून येता-जाता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायच्या. वाटेत काही आधाराला लागतं म्हणून ठेवत असतील, असं तिला वाटायचं. परक्या घरातल्या पंख्याच्या पात्यावरची धूळ हिला दारातून दिसते, आणि स्वतःच्या घरात सासू रोज हात कुठे ठेवते ते दिसलं नाही! लाजेने तिचे कान तापले. रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मलाही माहीत नव्हतं गं." त्याने तिला चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सह्या झाल्या. घड्याळवाल्या काकांनी फोन केला आणि पहिल्यांदाच 'सहज' म्हणाले नाहीत. खूप बोलले, मध्येच रडले, पुन्हा बोलले. मांडणीबाईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्या-ठेवल्या नर्सबाईचं घर गाठलं. तिथे सामानाची बांधाबांध चालली होती. एका खोक्यावर बसून तिने काही न लपवता सांगितलं. खुर्ची कुणाची, न विचारता कशी आणली, दलाल काय बोलला, आणि सह्या होईपर्यंत आपण का गप्प बसलो. हवं तर भांडा, म्हणाली.

नर्सबाई दोरीची गाठ मारत होती. ती मारून झाल्यावर म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. आम्ही घर घेतलंय, तुमचे सासरे नाही घेतले. घेऊन जा." मग दुसरी दोरी ओढत म्हणाली, "पण मला तशीच एक करून द्या. पैसे मी देईन. त्या दिवशी त्या खुर्चीत बसले ना, तर किती तरी दिवसांनी कुणी मला हाक मारली नाही."

म्हणजे नमुना म्हणून सासऱ्यांची खुर्ची खरोखरच सुताराकडे गेली. सासूबाईंना मारलेली थाप अशी उशिरा का होईना खरी झाली, पण त्याचा मांडणीबाईला काही आनंद झाला नाही. सुतार तिच्या ओळखीचा, अनेक घरांत तिच्याबरोबर काम केलेला. तिने त्याला अडचण सांगितली. त्याने खुर्चीच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"वहिनी, एवढंच ना? डाग हातासरशी पाडून देतो. चहाचं घट्ट पाणी, थोडं तेल, थोडं काळं पॉलिश. आजींना कळणारसुद्धा नाही."

"दे इकडे. मीच करते," ती म्हणाली.

आणि तिने केलाही. जुनं दिसावं असं काहीतरी करून देणं तिच्या हातचा मळ होता. चहाचं पाणी दोनदा लावून वाळवलं, तेल तळहाताने जिरवलं, कडा कापडाने फिकट करत नेल्या. सुताराने मागे सरकून बघितलं आणि म्हणाला, "वा! अगदी वीस वर्षं बसल्यासारखा."

मांडणीबाई मात्र बघतच राहिली. डाग बरोबर मधोमध होता. गोल, एकसारखा, फोटो काढावा असा. सासऱ्यांचं डोकं मधोमध कधी असायचं? ते एका बाजूला कलून बसायचे. कुठल्या बाजूला? खिडकीकडे की दाराकडे? तिने डोळे मिटून आठवून बघितलं. त्यांचा आवाज आठवला, दूध उतू चाललंय म्हणणारा. पायांतले मळके मोजे आठवले. डोकं कुठल्या बाजूला असायचं, ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तिने त्यांच्या हातात चहा दिला होता, आणि तिला एवढंही सांगता येत नव्हतं. तिला रडू आलं. भुशाने भरलेल्या त्या जागेत सुतारापुढे ती पदराने डोळे पुसत उभी राहिली, आणि सुतार बिचारा उगाचच पटाशी शोधायला लागला.

मग तिने फडकं घेतलं आणि तेल ओलं होतं तोवरच डाग पुसून टाकला.

सुताराचा नमुना उतरून झाला आणि खुर्ची घरी आली, तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. हमालांनी ती जाग्यावर ठेवली. सासूबाई उठल्या, हात पुसले आणि जवळ आल्या. त्या पाठीवर हात ठेवणार, त्याच्या आत मांडणीबाई बोलली.

"आई, सुताराने नाही पुसला. मी पुसला. पाय हलत नव्हता. मी खुर्ची एका घरात मांडायला नेली होती, तुम्हाला न विचारता. तिथे नेल्यावर साबणाने धुतली, घासली. मला माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं."

सासूबाईंचा हात लाकडावर आला. इकडून तिकडे फिरला, थांबला, परत फिरला. "पाय हलत नव्हता, ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "छान गुळगुळीत झालंय." आणि जाऊन भाजी निवडायला बसल्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सासूबाई रागावल्या नाहीत, रुसून जेवायच्या राहिल्या नाहीत, लेकीकडेही निघून गेल्या नाहीत. दूध आलंय, गॅस संपत आलाय, फोन होता तुझा, असं कामापुरतं बोलायच्या. पण खोलीतून जाताना आता त्या भिंतीच्या कडेने जायच्या. खुर्चीवर हात ठेवायच्या नाहीत. मांडणीबाईला ते रोज दिसायचं आणि रोज चटका बसायचा. तिने माफी मागून बघितली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी काही म्हटलंय का तुला?" नवरा म्हणाला, "थांब जरा. आई बोलेल." ती थांबली. एका घराचं काम आलं होतं, तिथे टेम्पो लागणार होता. तिने गाळ्यातलंच पुरवून पुरवून वापरलं आणि घरातलं एक स्टूलसुद्धा हलवलं नाही. तिकडच्या बटणांभोवतीचा काळपट घेर पुसतानाही तिचा हात जड झाला. तिने मालकिणीला हाक मारून विचारलं, "पुसू ना?" मालकीणबाईंना प्रश्नच कळला नाही. "पुसा की. मळलंय ते," त्या म्हणाल्या.

त्याच कामावरून ती एका दुपारी लवकर घरी आली. किल्लीने दार उघडलं, पिशवी खाली ठेवायला वाकली, आणि तशीच राहिली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. सासऱ्यांच्या खुर्चीत, पाय लांब करून. चष्मा पोटावर, केस मोकळे, आणि केसांना एवढं तेल चोपडलेलं की कपाळावर ओघळ आला होता. मान मागे टाकून डोळे मिटून बसल्या होत्या, आणि ते तेलकट डोकं त्या स्वच्छ, मेण लावलेल्या लाकडावर टेकलं होतं.

आणि एवढ्या दिवसांत एवढं सगळं होऊनही मांडणीबाईची जीभ धंद्याच्या सवयीने पुढे गेलीच. "आई, डाग पडेल!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"पडायलाच बसलेय," त्या म्हणाल्या. "यांचा पडायला तीस वर्षं लागली. माझ्याकडे तेवढी नाहीत, म्हणून तेल जरा जास्त घेतलंय. हा पुसू नकोस."

मांडणीबाईने मान हलवली. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, म्हणून मग तोंडाने म्हणाली, "नाही पुसणार."